देवळाचे दार आणि अंधाचा वाटाड्या

महाभारताचा आरंभ कोठून होतो असे विचारले, तर बहुतेक जण शंतनूचे किंवा भीष्मप्रतिज्ञेचे नाव घेतील. परंतु आदिपर्वातील पौष्यपर्व उघडून पाहिले, तर तेथे आरंभीच दिसतो तो एका कुत्र्याला पडलेला मार. जनमेजय राजा श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन या आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्री दीर्घसत्र करीत होता. तेथे देवशुनी सरमेचा पुत्र आला, आणि राजाच्या भावांनी त्याला मारून हाकलले. तो रडत आईकडे गेला. आईने विचारले, ‘तू काही अपराध केला असशील.’ तो म्हणाला, मी हविष्याकडे पाहिलेही नाही आणि त्याला जीभही लावली नाही. तेव्हा सरमा यज्ञभूमीवर आली आणि माझ्या निरपराध मुलाला का मारलेत, असा जाब तिने विचारला. कोणालाही उत्तर देता आले नाही. ‘अदृष्ट भय तुम्हांवर कोसळेल’ हा तिचा शाप ऐकून सार्वभौम राजा व्याकुळ झाला, आणि त्या शापाच्या शमनासाठी योग्य पुरोहित शोधत हिंडला.

याच ग्रंथाच्या अखेरीस, महाप्रस्थानिकपर्वात, दुसरा कुत्रा भेटतो. द्रौपदी व चौघे बंधू एकामागून एक पडले. धर्मराजाच्या मागे उरला तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, स्वर्गात कुत्रे बाळगणाऱ्यास स्थान नाही. युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला, आश्रिताला टाकले नाही. एका टोकाला यज्ञमंडपातून हाकललेले श्वान आणि दुसऱ्या टोकाला स्वर्गाच्या दारात अडवलेले श्वान: भारताच्या एवढ्या मोठ्या कथेला व्यासांनी या दोन दारांच्या मध्ये बसविले आहे. पहिल्या दारी निरपराध्यावर अन्याय झाला, दुसऱ्या दारी तो होऊ दिला गेला नाही.

या जुन्या कथा आठवण्याचे कारण आजचे आहे. एखादा अंध मनुष्य आपल्या शिकवलेल्या कुत्र्यासह देवळाच्या दाराशी आला, तर त्या दोघांचे काय करावे, हा प्रश्न आपल्या देवस्थानांनी आजवर फारसा विचारात घेतलेला नाही.

हा कुत्रा म्हणजे कोण, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने व जखमांनी डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे कुत्र्यांना पद्धतशीर शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. अमेरिकेत १९२९ साली आणि इंग्लंडात १९३१ साली हे काम सुरू झाले. निवडलेले पिल्लू वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढते. बाजार, जिने, गर्दी, वाहने यांची त्याला सवय होते. नंतर कित्येक महिने शिक्षक त्याला शिकवतो, आणि त्यानंतर अंध मनुष्य व कुत्रा यांना एकत्र चालण्याचे शिक्षण मिळते. त्याच्या अंगावर चामडी पट्ट्यांचा साज असतो व त्या साजाला एक ताठ मूठ. ती मूठ अंधाच्या हाती असते. कोठे जायचे हे माणसाला ठाऊक असते, कुत्र्याला नव्हे. कुत्रा केवळ खड्डा, खांब, पायरी आणि येणारे वाहन पाहतो, आणि आपली हालचाल मुठीवाटे धन्याच्या हातापर्यंत पोचवतो. अंगावर साज असेपर्यंत तो कामावर असतो. म्हणून जाणते लोक त्याला कुरवाळत नाहीत, खाऊ घालीत नाहीत. बहिऱ्यांना हाक व घंटा कळविणारे, चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्याला खाली पडलेली वस्तू उचलून देणारे असे इतर साहाय्यक कुत्रेही आता जगात आहेत.

या शिक्षणातील एक गोष्ट नीतिविचार करणाऱ्याने मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. या कुत्र्याला आज्ञापालनाबरोबर आज्ञाभंगही शिकवतात. धन्याने ‘पुढे चल’ म्हटले, आणि समोर वेगाने गाडी येत असली, तर कुत्र्याने जागचे हलायचे नाही. आंधळी आज्ञाधारकता येथे घातक ठरते. ज्या सेवकाने धन्याच्या हितासाठी धन्याचा शब्द मोडावा, त्याला आपल्याकडे विवेकी सेवक म्हणतात. मुक्या जीवाच्या ठायी हा गुण वाढविला आहे, हे पाहिले म्हणजे ‘जनावर’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो ते उमगते.

आता सौंसरकडे वळू. २०२३ साली सौंसर व पांढुर्णा हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून निघून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. परंतु येथील मराठी बोलणाऱ्या, संत्र्यांच्या बागा राखणाऱ्या माणसांच्या मनात सौंसर म्हणताच जामसावळी येते. पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीचे हे स्थान आर्तांचे स्थान आहे. लकवा झालेले, मन बिघडलेले, वैद्यांनी हात टेकलेले रोगी आप्तांच्या आधाराने येथे येतात, काही काळ राहतात, तीर्थ घेतात. गोमंतकात साखळीच्या दत्तवाडीलाही मनोरुग्णांचे आप्त याच आशेने जातात. अशी स्थाने आपल्या समाजात किती मोठे काम करतात हे सांगावयास नको. ज्याला कोठे थारा नाही त्याला तेथे ओसरी मिळते.

पण आर्तांच्या या स्थानांतच एक सूक्ष्म प्रश्न दडलेला आहे. येथे येणारा रोगी बरा होण्यासाठी येतो, आणि आपली करुणाही तोवरच सुखाने वाहते. परंतु जो बरा होण्याची वाट पाहत नाही, जो आपले अंधत्व स्वीकारून, आपली साधने घेऊन, इतरांसारखाच केवळ दर्शनाला आला आहे, त्याचे काय? रोग्याला आपण दयेने आत घेतो. या मनुष्याला दया नको आहे, वाट हवी आहे. ‘आधी बरा हो, मग ये’ असे मारुती कधी म्हणत नाही. ‘आधी तुझा डोळा बाहेर ठेव, मग ये’ असे मात्र देवाच्या नावाने माणूस म्हणू शकतो.

शुचितेच्या बाजूने जे म्हटले जाते ते पोकळ आहे असे नाही. धर्मशास्त्रांत श्वानस्पर्शानंतर स्नान सांगितले आहे. देवालय हे घर किंवा बाजार नव्हे. तेथे पादत्राणे काढतात, पाय धुतात. देहाला लावलेली ही शिस्त मनालाही सावध करते. जे समाज असे सर्व निर्बंध एकदम झुगारतात त्यांच्या हाती बहुधा पवित्रतेची जाणीवही उरत नाही. म्हणून ‘कुत्र्यात काय झाले, सोडा त्याला आत’ असे बेफिकीर उत्तर आम्ही देणार नाही.

परंतु शास्त्राने नियमाबरोबर त्याची मर्यादाही सांगितली आहे. देवयात्रा, विवाह, यज्ञ, उत्सव अशा प्रसंगी स्पर्शास्पर्शाचा दोष धरू नये अशी स्मृतिवचने आहेत, आणि आपद्धर्माचे तर स्वतंत्र प्रकरणच आहे. नियम माणसाला देवाजवळ नेण्यासाठी असतो; तो त्याला दूर लोटू लागला की त्याचा हेतूच उलटतो. शुचितेच्या नावाने माणसे दाराबाहेर ठेवण्याची चूक महाराष्ट्राने एकदा केली आहे, आणि ती सुधारण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरी प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. येथे माणसाची तुलना कुत्र्याशी मुळीच नाही. सांगणे एवढेच की तेव्हाही अडला होता तो मनुष्य, आणि आताही अडणार आहे तो मनुष्यच. साजाची मूठ हातातून काढून घेतली की तो अंध भक्त अनोळखी गर्दीत एकटा उभा राहतो. मग कोणीतरी त्याचा दंड धरून त्याला ओढत नेतो आणि ओढणाऱ्याला पुण्य लाभल्यासारखे वाटते.

शिवाय मर्यादा सांभाळणे कठीणही नाही. गाभाऱ्यात सामान्य भक्त तरी कोठे जातो? आवार, ओवरी आणि सभामंडप यांतून कुत्र्याने आपल्या धन्याला न्यावे, गाभाऱ्याबाहेर एका नेमल्या जागी बसावे, आणि तेथून दर्शनापुरते पुजाऱ्याने किंवा सेवेकऱ्याने, भक्ताला विचारून, हात द्यावा. यात देवाचे पावित्र्य उणावत नाही, आणि भक्ताचा स्वाभिमानही राहतो. इतर धर्मांनीही असेच मार्ग काढले आहेत. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी अंधाच्या कुत्र्याला ज्यू प्रार्थनामंदिरात येण्यास मुभा दिली. दाराजवळ बसणे बरे, एवढे सुचविले. इंग्लंडात लेस्टर येथे २००८ साली अंध मुसलमानाच्या मार्गदर्शक कुत्र्याला मशिदीत प्रवेश मिळाला, आणि नमाजाच्या जागेबाहेर त्याच्या बसण्याची सोय झाली. या दोन्ही परंपरा श्वानाविषयी आपल्यापेक्षा सैल आहेत असे नाही.

आपल्याकडे तर दत्तमूर्तीच्या पायाशी चार श्वान आहेत आणि त्यांना आपण चार वेद मानतो. भैरवाचे वाहन श्वान आहे. खंडोबाच्या संगतीला श्वान आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या कीर्तनांत नित्य येतात. गीतेच्या पाचव्या अध्यायात ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्या ओळीतच श्वानाचे नाव येते, आणि या सर्वांकडे जो समदृष्टीने पाहतो त्यालाच पंडित म्हटले आहे. मूर्तीतले श्वान पुजावे आणि सेवेतले श्वान हाकलावे, ही विसंगती आपली आपणच तपासली पाहिजे. जामसावळीच्या मारुतीपुढे तर ती अधिकच टोचावी. ज्याचे सारे थोरपण दास्यात आहे, ज्याने वानरदेह धारण करून सेवा हीच परम योग्यता ठरविली, त्याच्या दारी सेवेत असलेल्या मुक्या जीवाला कोणत्या तोंडाने अडवावे?

युधिष्ठिराचा दाखला येथे नुसता लागू पडत नाही, तो आपल्याला अधिक अडचणीत टाकतो. त्याचा कुत्रा त्याच्या काही उपयोगाचा नव्हता. आश्रिताला टाकू नये एवढ्याचसाठी तो थांबला. अंधाच्या बाबतीत नाते उलटे आहे. येथे माणूसच कुत्र्याच्या आश्रयाने चालतो. अशा माणसाला आपण म्हणतो, ‘त्याला सोड आणि ये.’ म्हणजे या प्रसंगात आपल्या वाट्याला इंद्राची भूमिका येते. इंद्र निदान परीक्षा पाहत होता. आपण तर ते वाक्य मनापासून बोलत असतो.

व्यवहारी शंका उरतात. यात्रेच्या गर्दीत कोणी घाबरेल, कोणाला चावा बसेल, आणि एकाला सोडले की प्रत्येक जण आपला लाडका कुत्रा घेऊन येईल. रस्त्यावरच्या मोकाट कुत्र्यांचा उपद्रव खरा आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाला शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून ती हलविण्याचा आदेश द्यावा लागला. परंतु मोकाट कुत्रा आणि शिकवलेला कुत्रा यांत भेद करणे हेच तर विवेकाचे काम आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार दारावरच्या माणसाला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? कुत्रा आवरेना, किंवा जागा घाण करू लागला, तर त्याला बाहेर नेण्यास सांगता येते. लाडक्या कुत्र्याला हा मार्ग मोकळा नाही. आपल्या देवस्थानांना एवढा साधा नियम पेलण्यासारखा आहे.

कायद्याविषयी दोन शब्द. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगविषयक कायद्याने धर्मसंस्थांना वगळले आहे. आपल्या ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ ने मात्र सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचाही समावेश केला आहे. त्यात कुत्र्याचा वेगळा उल्लेख नाही. परंतु दिव्यांगाला त्याच्या गरजेनुरूप वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव आहे, असे तो म्हणतो. सुगम्यतेचे मानदंड ऐच्छिक ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. तरीही देवळाचे दार न्यायालयाच्या धाकाने उघडावे यात शोभा नाही. ते धर्मबुद्धीने आधीच उघडलेले असावे.

‘आपल्याकडे असे कुत्रे आहेत तरी किती?’ असे कोणी हसून विचारील. फारच थोडे, हे खरे. पण कुत्रा मिळूनही बस, खाणावळ, धर्मशाळा आणि देऊळ यांची दारे बंदच राहणार असतील, तर अंधाने तो बाळगावा कशाला, आणि संस्थांनी शिकवावा कोणासाठी? दारे बंद म्हणून कुत्रे नाहीत, आणि कुत्रे नाहीत म्हणून दारे बंद, असे हे चक्र आहे. ते कोणीतरी एका ठिकाणी तोडले पाहिजे. देवस्थानाहून योग्य ठिकाण कोणते?

जामसावळीत २०२३ साली ‘हनुमान लोक’ या मोठ्या बांधकामाचे भूमिपूजन झाले. जुन्या देवळात उतार आणि कठडे मागाहून बसवावे लागतात, आणि नवी ओवरी उभारताना त्यांची जागा आराखड्यातच राखता येते. त्याच आराखड्यात सभामंडपाशेजारी, सावलीत, पाण्याच्या भांड्यासह एक लहानशी जागा अशा वाटाड्यासाठी राखावी, आणि दर्शनाच्या नियमांच्या फलकावर एक ओळ वाढवावी की अंधाच्या व अपंगाच्या साहाय्यक कुत्र्याला येथे मज्जाव नाही. अशी ओळ लिहिण्यास खर्च येत नाही. ती वाचणारा अंध यात्रेकरू कदाचित वर्षानुवर्षे येणार नाही. पण तो येईल त्या दिवशी दारावरच्या सेवेकऱ्याने काय करावे हे आधीच ठरलेले असेल, आणि सरमेने विचारलेल्या प्रश्नापुढे कोणाला निरुत्तर उभे राहावे लागणार नाही.