भूक लागण्याआधी

भूक सोसणे हा आमच्या घरी सद्गुण समजला जाई. 1972च्या दुष्काळात माझे वडील खडी फोडण्याच्या कामावर होते. सुकडीवर आणि मिलोच्या भाकरीवर काढलेल्या त्या दिवसांच्या गोष्टी ते सांगू लागले, की त्यांच्या आवाजात तक्रार नसे. एक प्रकारची ऐट असे. आई सर्वांच्या मागून जेवी. पुष्कळदा तिच्यासाठी काही उरलेलेच नसे, हे आम्हां भावंडांना फार उशिरा कळले. अशा घरात वाढलेल्या माणसाला 'मला भूक लागली' असे म्हणणे म्हणजे कसली तरी कमीपणाची कबुली वाटते. मलाही वाटे. गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, इमामपूरच्या घाटात माझी ही समजूत मोडली.

आम्ही चौघांनी सायकलवरून नेवाशाला जाऊन त्याच दिवशी परत यायचे ठरवले होते. नगरहून (कागदोपत्री आता अहिल्यानगर, आमच्या तोंडी अजून नगरच) जाऊन-येऊन सुमारे एकशे वीस किलोमीटर. निघताना मंडळींनी लाडू-चकलीचा डबा पुढे केला.

"एवढं तरी न्या. दिवसभराचा प्रवास आहे."

"सायकलवर चाललोय, बारशाला नाही," मी म्हणालो, आणि अर्धा कप चहावर निघालो.

जाताना रस्ता एकंदरीने उताराचा. पहाटेचा गारवा, दोहों बाजूंना कांद्याची रोपे, आणि पाय असे फिरत होते की वय दहा वर्षांनी उतरले असावे. बरोबर बँकेत नोकरी करणारा एक तरुण होता. तो दर अर्ध्या तासाने खिशातून खजूर काढी, कधी केळे सोली, लिंबू-मिठाचे पाणी घोटघोट पिई. घोडेगावच्या पुढे मला राहवेना. "दिवाळीत तोंड थांबत नाही वाटतं?" मी विचारले. तो हसून म्हणाला, "सर, भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो." मला हे शेठजींचे तत्त्वज्ञान वाटले. नेवाशाला पैसाच्या खांबाचे दर्शन झाले, तिघे जेवले, मी पुन्हा चहाच घेतला. खाल्ले की आळस येतो, असे वर सुनावलेही.

परतीला जेऊर मागे पडले आणि घाटाचा चढ सुरू झाला. पाय दुखत नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. दुखणे मला परिचयाचे होते. ते मी सोसले असते. इथे सोसायला काही नव्हतेच. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो कोरडा खडखडत वर यावा, तसे झाले. कपाळावर थंड घाम, हाताला कंप. जवळून गेलेल्या ट्रकला मी शिवी दिली. पुढे गेलेल्या मित्रांचा विलक्षण राग आला. ते मला मुद्दाम मागे टाकताहेत याबद्दल माझी खात्रीच झाली. शेवटी एका दगडावर बसलो, आणि चाळीशी उलटलेल्या मला रडू येऊ लागले. तो तरुण परत आला, त्याने शेंगदाण्याचा लाडू पुढे केला. मी म्हणालो, "नको." त्याने न बोलता तो माझ्या मुठीत कोंबला आणि मी खाईपर्यंत समोर उभा राहिला. त्या क्षणी मला त्याच्याइतका दुष्ट माणूस जगात दिसत नव्हता. पंधरा-वीस मिनिटांत मात्र घाट पुन्हा घाट झाला, मित्र पुन्हा मित्र झाले.

यात गूढ काही नाही. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा साठा असतो. नेटाने सायकल हाणली तर दीड-दोन तासांत तो बराचसा सरतो. अंगात चरबी पुष्कळ असली तरी ती संथपणे जळणारी, चढावर एकटी पुरी पडत नाही. आणि मेंदूला तर साखर लागतेच. म्हणून लांबच्या पल्ल्यावर पहिल्या तासातच खायला सुरुवात करावी, दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जावी, असे जाणकार सांगतात. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असते. पाण्याबरोबर मीठही हवे. या अवस्थेला फ्रेंच लोकांनी 'फ्रँगाल' असे नाव दिले आहे, आणि डच लोक म्हणतात, हातोडीवाला माणूस भेटला!

पण मला छळले ते निराळ्याच गोष्टीने. माझा शहाणपणा, माझा सोशिकपणा, मित्रांविषयीचा माझा लोभ हे सगळे एका लाडवाच्या अंतरावर होते काय? थकलेला माणूस स्वतःच्या थकव्याचा न्याय करू पाहतो, तेव्हा तराजूच बिघडलेला असतो. ज्या घटकेला खाणे सर्वांत अगत्याचे, त्याच घटकेला तो 'नको' म्हणतो. आणि माझ्या या बाणेदारपणाचा भार वाहिला कोणी? त्या तिघांनी. माझ्यापायी सगळेच अंधार पडल्यावर घरी पोचले.

पॉल द व्हिव्ही (1853–1930) नावाचा एक फ्रेंच गृहस्थ होऊन गेला. 'व्हेलोसिओ' या नावाने लिही. सायकलस्वारांसाठी त्याने सात नियम घालून दिले. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, हा त्यातलाच. अन्नावरची वासना आणि झोप उडेल इतके थकू नये, हा दुसरा. शेवटचा नियम मात्र मला थेट झोंबला: केवळ अहंकारापोटी सायकल हाणू नये. 2017 साली नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पुरी केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. पण अशा 'एकट्या' स्वाराच्या मागे मोटार असते, आणि घड्याळ पाहून त्याच्या हातात घास देणारी माणसे असतात.

आणि दूर कशाला जायचे? ज्या नेवाशात मी उपाशी मिरवलो, तिथेच ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात, हट्टाने भूक-तहान कोंडून घालणाऱ्याला स्वतःचा देहसुद्धा आवरत नाही, मग योग कुठला, अशा अर्थाचे सांगितले आहे. मी ते वर्गात शिकवलेही होते.

वर्गावरून आठवले. खरे तर हे विसरता येत नाही म्हणूनच लिहायला बसलो. दिवाळीच्या सुट्टीआधी नववीतली एक मुलगी पहिल्या तासाला पेंगत असे. नऊ किलोमीटर सायकल मारून येणारी. मी तिला सर्वांदेखत उभे करून वडिलांची खडी ऐकवली होती. सुट्टीनंतर तिला बाजूला बोलावून विचारले, "सकाळी काय खाऊन येतेस?"

"काही नाही सर. आई सहालाच खुरपायला जाती."

"भूक नाही लागत?"

"आता नाही लागत. सवय झाली."

शासनाचा दुपारचा आहार आठवीपर्यंत असतो. नववीत गेल्यावर भूक थांबते, असा निसर्गाचा नियम नाही.

आता हिच्या मुठीत लाडू कोंबावा काय? घाटात ते माझ्या हिताचे होते. पण माझा डबा घरी भरलेला होता आणि माझे 'नको' ही निव्वळ मिजास होती. हिचे 'नाही लागत' ही कदाचित तिच्याजवळची एकमेव मालमत्ता असेल. दोन्ही नकार ऐकायला सारखे येतात. नको म्हणणाऱ्याला खाऊ घालण्याचा हक्क आपल्याला कधी पोचतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तूर्त एवढे केले आहे. वर्गाच्या कोपऱ्यात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा असतो. पहिल्या तासाआधी प्रत्येकाने एक घ्यायचा, आधी सरांनी. सायकलवाल्यांनी दोन. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे बघत राहिली होती, मी खरेच खातो की नाही ते. मग तिने दोन घेतले.

परवा वडील काही कामाने शाळेत आले होते. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," असे म्हणत त्यांनी डब्याचे झाकण काढले, एक लाडू उभ्याउभ्याच खाल्ला, आणि दुसरा उचलला.