अश्रूंची मुदत ठेव

मराठीत 'तालीम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एका तालमीत माणूस लंगोट लावून दंड-बैठका मारतो आणि दुसऱ्या तालमीत न मारलेल्या दंड-बैठकांनी दमून दाखवतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता 'शिक्षण' एवढाच. अभिनय शिकवतात म्हणजे नेमकं काय शिकवतात, याची आम्हां बँकवाल्यांना उत्सुकता असते, कारण आमचाही अर्धा दिवस अभिनयातच जातो. काउंटरपलीकडच्या गृहस्थांना चौथ्यांदा 'सही जुळत नाही' असं सांगताना चेहऱ्यावर जो शांत भाव ठेवावा लागतो, तो भरतमुनींच्या यादीत नाही. पण बक्षीसपात्र आहे.

अभिनय म्हणजे खोटं बोलणं का, हा प्रश्न मी उभ्या उभ्याच निकालात काढतो. खोटारडा न सांगता खोटं बोलतो. नट तिसरी घंटा देऊन बोलतो. झालं. खरा प्रश्न त्यापुढचा आहे, आणि तो आमच्या घरी जेवताना निघाला.

आमचा पुतण्या सुट्टीत एका नाट्यशिबिराला जात होता. पहिला आठवडा मजेचा गेला. आरशाचा खेळ म्हणून एक असतो. समोरचा जे करील ते आपण त्याच क्षणी करायचं. ही पोळ्या लाटत असताना चिरंजीव समोर उभे राहून हवेत पोळ्या लाटू लागले. हवेतल्या पोळ्या जास्त गोल होत्या, असं हिचं मत पडलं. मग 'जर'चा धडा आला. हा रशियातल्या स्तानिस्लाव्हस्कींचा. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर काढणाऱ्या दोघांतले हे एक. 'मी राजा आहे' असं नटाने मानायचं नाही. 'मी या राजाच्या जागी असतो तर काय केलं असतं?' एवढंच स्वतःला विचारायचं. मला हे फार पटलं. 'मी मॅनेजरच्या जागी असतो तर' याची तालीम मी गेली वीस वर्षं करतो आहे; प्रयोग तेवढा लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुलांना डोळे मिटून बसवलं. आयुष्यातला सर्वांत दुःखाचा प्रसंग आठवा. पण दुःख आठवू नका. खोली आठवा, वास आठवा, हाताला काय लागत होतं ते आठवा. पुतण्याने आजीची शेवटची रात्र आठवली. निलगिरीचा वास आणि चिमटीत धरलेली गोधडीची कड. घळाघळा रडला. सरांनी पाठ थोपटली. हे सगळं त्याने आमटीची दुसरी वाटी पुढे करत, पहिला नंबर आल्यासारखं सांगितलं.

त्याची आजी म्हणजे माझी आणि दादाची आई. जाऊन दोन वर्षं झाली होती. दादाने हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेला.

"काका, यात वाईट काय आहे? मी थट्टा नाही केली तिची. खरंच आठवली म्हणून रडलो."

मी कॉमर्सचा माणूस. नैतिक पेच पडला की मला खातेवही आठवते. हे दुःखाचं खातं संयुक्त. मग ते एकट्याच्या सहीवर काढता येतं का? येतं. 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' अशी सोय आमच्याकडे असतेच. मागे राहिलेल्यांत पुतण्याही आहे. म्हणजे व्यवहार नियमाप्रमाणे बिनचूक. तरी दादाचा घास उतरला नाही, हेही खरं.

बरं, मुदतीचं काय? या व्यायामाचे अमेरिकेतले मोठे पुरस्कर्ते ली स्ट्रासबर्ग. त्यांचाही दंडक असा, की आठवण निदान सात वर्षांपूर्वीची हवी. ताजं दुःख कह्यात राहत नाही. थोडक्यात ही मुदत ठेव; आमच्या चिरंजीवांनी ती दोन वर्षांत मोडली. खुद्द स्तानिस्लाव्हस्कींचा भर पुढे आठवणींवरून कृतीवर गेला होता. स्टेला ॲडलर १९३४ साली त्यांना पॅरिसमध्ये भेटल्या आणि परत येऊन त्यांनी स्ट्रासबर्गांच्या मंडळीला सांगितलं, की तुम्ही भलत्याच गोष्टीला धरून बसला आहात. त्यावरून जे वाजलं ते पुढे वाजतच राहिलं.

त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, फ्रान्सचे दिदेरो म्हणून गेले होते, की रोज रडवायचं असेल त्याने स्वतः रडूच नये. खरं रडणारा पहिल्या प्रयोगाला पेटेल आणि तिसऱ्याला विझेल. दिदेरोंना काळजी प्रयोगाची. मला आईची आहे. नोट हातोहात फिरून मळते तशी ती रात्र वीस प्रयोगांत मळली, तर एकविसाव्यांदा आजी आठवून पोराला काहीच वाटणार नाही. मग ते नुकसान कुठल्या खाती टाकायचं?

उलट बाजूही आहे. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता त्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि त्या रात्री ते भामिनी म्हणून उभे राहिले. भामिनीला त्या दुःखाचा काडीचा उपयोग नव्हता. ते विंगेत ठेवूनच गावं लागलं. लहानपणी ही गोष्ट ऐकून माझी छाती फुगायची. स्वतः बाप झाल्यावर काटा येतो. दुःख वापरणं बरं की बाजूला ठेवता येणं बरं, मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि लिहिणाऱ्यांनी या बाबतीत आवाज चढवूही नये. आईचं जाणं लेखात घालून मानधनाच्या चेकची वाट मीही पाहणारच आहे.

पुढच्या आठवड्यात सरांनी वेगळाच गृहपाठ दिला. रडायचं नाही, गेलेल्या माणसाचं कपाट आवरायचं, आणि बाहेर टेम्पोवाला थांबला आहे. पुतण्याने ट्रंकेतून आजीचं लुगडं काढलं आणि त्या नऊ वारांशी झोंबू लागला. घडी काही केल्या बसेना. दादा वर्तमानपत्रामागे होता.

"असं नाही," तो पानाआडूनच म्हणाला. मग पेपर ठेवून उठला. "एकटी असली की काठ हनुवटीखाली धरायची ती." त्याने धरून दाखवला. हनुवटी खाली दाबलेली, त्यामुळे पुढचं बोलणं तोंडातल्या तोंडात आलं, "ते टोक घे तू."

पोरगं टोक घेऊन पार दारापर्यंत गेलं. मग घडी घालत दोघं एकमेकांकडे येऊ लागले, आणि ही चहा टाकायला उठली.