घोड्याला ‘नाही’ म्हणता येतं का?

शनिवारी सकाळी मी लॅपटॉप उघडत नाही, घोड्यावर बसतो. पुण्याबाहेरच्या एका रायडिंग क्लबात चार वर्षं शिकल्यावर उस्तादांनी यंदा मला पाच वर्षांचा, अजून शिकत असलेला घोडा दिला. सरळ चालायला तो शिकला होता. आता त्याला आडवं सरकायला शिकवायचं होतं.

म्हणजे तोंड पुढेच ठेवून तिरकं चालायचं. मी उजवी टाच तंगाच्या किंचित मागे दाबायची आणि त्याने उजवे पाय डाव्यांच्या पुढून टाकत डावीकडे जायचं. हे शोभेसाठी नसतं. १८व्या शतकात फ्रान्समधल्या ला गेरिनिएर या अश्वशिक्षकाने खांदा आत घेऊन चालवण्याचा व्यायाम मांडला, तो घोड्याचे खांदे मोकळे व्हावेत म्हणून. हेतू आजही तोच आहे.

शिकवायची रीत साधी आहे. दाब द्यायचा आणि पहिलं पाऊल बाजूला पडताच पाय सैल सोडायचा. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. माशी बसली तरी कातडी थरथरवणारा हा प्राणी, त्याला जोर लागतच नाही. काही आठवड्यांनी नुसती पोटरी टेकवली तरी तो सरकायला लागला. बघणाऱ्याला वाटावं, या दोघांचं आपसांत ठरलंय.

पण खरंच ठरलंय का? जबरदस्तीने करून घेतलेलं घोड्याला कळत नाही आणि ते सुंदरही दिसत नाही, हे झेनोफोनने सुमारे २४०० वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. मात्र तो सैनिक होता. घोड्याला कितीही प्रेमाने शिकवलं, तरी शेवटी न्यायचं होतं युद्धालाच. रीत सौम्य असली म्हणजे संमती मिळाली, असं होत नाही.

मग एका शनिवारी घोडा डावीकडे सरकेना. मी पोटरी लावली, मग टाच, मग छडी. त्याने कान मागे पाडले, शेपटी झटकली आणि तो जागेवर उभा राहिला. उस्ताद लांबूनच म्हणाले, “उतर.” तंग सोडला तर खालचे केस गेलेले आणि हाताला मऊ सूज लागली. त्या दिवशी तंग मीच आवळला होता. मी ज्याला हट्ट समजत होतो, ते उत्तर होतं.

तेव्हा मला नाचणगावचं आमचं कपाशीचं वावर आठवलं. मी आठवीत असेन. डवरणी चालू होती. धुऱ्यावर वळताना आतला बैल जवळपास जागेवर फिरतो आणि बाहेरचा मोठा फेरा घेतो. आतल्याने नीट सरकायला हवं, नाहीतर कपाशी तुडवली जाते. आमचा नवा गोऱ्हा सरकत नव्हता. मी त्याला काठी टोचली. बाबांनी डवरा थांबवला, जू उतरवलं, गोऱ्ह्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आडमुठा नाही रे तो, दुखून राह्यलं त्याले.”

आठ दिवस गोऱ्हा गोठ्यात होता. तण वाढलं, शेवटी भाड्याने जोडी आणावी लागली. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी नेहमीसारखे बैलांचे खांदे शेकले आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. ज्याच्या नाकात वेसण आहे, त्याला कसलं आमंत्रण, असं मला कॉलेजात असताना वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. पुढे ट्रॅक्टरवाले सोयीचे पडायला लागले आणि बाबांनी ती जोडी विकली. तेव्हा बैलांना कोणी विचारलं नाही. त्यामुळे बाबांना मला संत करायचं नाही. पण ते आठ दिवस खरे होते आणि भाड्याचे पैसेही.

माझ्या कामात एक वाईट सवय असते. प्रोग्रॅममध्ये एरर आली की ती पकडायची आणि गुपचूप गिळून टाकायची. स्क्रीनवर सगळं शांत दिसतं, आत मात्र बिघाड चालूच राहतो. फार जोर लावून शिकवलेला घोडा तसाच होत असावा. तो कधीच अडत नाही, म्हणून आपण त्याला गुणी म्हणतो. म्हणून ‘घोडा तयार आहे का’ हा प्रश्न मी आता सोडून दिलाय. त्याचं उत्तर मला मिळणार नाही. त्याऐवजी मी विचारतो, त्याच्या नकाराची किंमत कोण भरतं? मी भरत असेन, तर निदान तो मला ऐकू येतोय.

सूज उतरायला तीन आठवडे लागले. परवा पुन्हा बसलो. दोन पावलं तो छान सरकला, मग थांबला. मी उतरलो, तंग पाहिला, पाठ चाचपली, खूर उचलून पाहिले. काहीच नव्हतं. कदाचित त्याला नुसतंच नको होतं.

दुखतंय म्हणून दिलेला नकार मी ऐकायला शिकलोय. पण ज्याला काही कारणच नाही, तोही ऐकायचा का? परवा मी खोगीर उतरवून त्याला चरायला सोडलं. पुढच्या शनिवारी पुन्हा पोटरी लावणार आहे.