दावा आणि दप्तर

३१ मार्च १५२१ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मॅगेलनच्या ताफ्याने किनाऱ्यावर उतरून मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनाविधी, केला. फिलिपाइन्सच्या भूमीवरचा हा पहिला मिस्सा, अशी त्या देशाची रूढ समजूत आहे. तो नेमका कुठे झाला, लेयतेच्या दक्षिणेकडच्या लिमासावा बेटावर की मिंदानाओच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बुतुआनमध्ये, हा वाद कित्येक पिढ्या चालला. १९६० मध्ये कायद्याने लिमासावाला राष्ट्रीय स्मारक ठरवले, तरी वाद मिटला नाही. पुढे रेसिल मोहारेस यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासकांची समिती नेमली गेली आणि २०२० मध्ये राष्ट्रीय इतिहास आयोगाने पुन्हा लिमासावाच्याच बाजूने कौल दिला.

त्यानंतर जी चर्चा झाली तिचा सूर मला अस्वस्थ करतो. निकाल लागला, आता गावोगावच्या इतिहास मंडळांनी आपापले झेंडे खाली ठेवावेत. स्थानिक इतिहास म्हणजे गावाचा अभिमान, खरा इतिहास राजधानीत आणि विद्यापीठात तपासला जातो, असा तो सूर आहे. वरवर पाहता यात शहाणपण दिसते. माझ्या मते ही मांडणी उथळ आहे, आणि तिच्यामुळे या मंडळांचे खरे काम झाकले जाते.

निकाल चुकला असे मला म्हणायचे नाही. मॅगेलनच्या ताफ्यातल्या पिगाफेत्ताच्या प्रवासवृत्तातले अंतर-दिशांचे तपशील पाहिले तर लिमासावाचे पारडे जड आहे हे मान्य करायला हवे. बुतुआनची परंपराही हवेतून आली नव्हती. आगुसान नदीच्या मुखाशी १८७२ मध्येच त्या घटनेचे स्मारक उभे राहिले होते. पण परंपरा जुनी आहे म्हणून ती खरी ठरत नाही. माझा आक्षेप निकालावर नाही, निकालातून काढलेल्या धड्यावर आहे.

हा धडा देणाऱ्यांच्या मनात एक चित्र असते. गावात कल्पना उगवतात आणि केंद्रातली चाळण त्यांतले खडे वेचून काढते. या चित्राला कलांतिआवची कथा एकटीच पुरून उरते.

नेग्रोस बेटावरच्या होसे मार्को नावाच्या गृहस्थाने १९१४ मध्ये मॅनिलाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला काही जुनी हस्तलिखिते दिली. त्यांत कलांतिआव नावाच्या राजाची १४३३ सालची दंडसंहिता होती. स्पॅनिश येण्यापूर्वीच आमच्याकडे लिखित कायदा होता, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? ग्रंथालयाचे संचालक जेम्स रॉबर्टसन यांनी तिचे भाषांतर केले आणि १९१७ मध्ये ते छापले गेले. मग ती पाठ्यपुस्तकांत आली. आकलान प्रांतातल्या बातान गावी कलांतिआवचे स्मारक झाले. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी निवृत्त न्यायाधीशांसाठी त्याच्या नावाने सन्मान सुरू केला. इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी त्याआधीच, १९६८ मध्ये, सान्तो तोमास विद्यापीठात मांडलेल्या प्रबंधात हे सारे बनावट असल्याचे दाखवून दिले. ही संहिता ज्यात उतरवली होती तो ग्रंथ १८३८-३९ मध्ये एका पाद्र्याने लिहून स्पेनच्या राजाला अर्पण केला असे सांगितले जात होते. पण त्या वर्षांत स्पेनच्या गादीवर राजा नव्हताच, बालराणी इसाबेला होती. त्याहून मोठी गोष्ट अशी की मार्कोच्या हाती येण्यापूर्वी हे कागद कुठे होते, ते आणखी कोणी पाहिले होते, हे सांगणारे कुणीच नव्हते. राष्ट्रीय इतिहास संस्थेने ही संहिता निराधार असल्याचे औपचारिकपणे मान्य केले ते २००४ मध्ये.

आता चाळण कुठे होती ते पाहा. बनाव एका माणसाने केला हे खरे. पण त्याला दाराशी न अडवता आत घेतले ते राष्ट्रीय ग्रंथालयाने, छापले ते विद्वानांनी, मुलांच्या पाठांत घातले ते शिक्षणव्यवस्थेने, आणि न्यायाधीशांच्या गळ्यात घातले ते राज्याने. यातल्या कोणत्याही टप्प्याला गावगाड्याचा अभिमान म्हणता येणार नाही. हा राष्ट्राचा अभिमान होता, आणि त्याला रोखायला वरची दुसरी चाळण नव्हती.

यावर सांगितले जाते की हा अपवाद होता, त्या काळची साधने अपुरी होती. पण हेच रॉबर्टसन १९०६ मध्ये पिगाफेत्ताचे मिलानमधले हस्तलिखित काळजीपूर्वक इंग्रजीत आणणारे होते, आणि लिमासावाच्या बाजूच्या युक्तिवादाला त्या पाठाचा मोठा आधार आहे. म्हणजे एकाच माणसाने एकीकडे राष्ट्राला त्याचा उत्तम आधारग्रंथ दिला आणि दुसरीकडे त्याची सर्वात मोठी फसवणूक पुढे नेली. विद्वत्ता तीच होती. फरक एवढाच की पिगाफेत्ताच्या कागदाचे ठिकाण ठाऊक होते, तो कोणालाही जाऊन पाहता येत होता; मार्कोच्या कागदाला मागचा-पुढचा पत्ताच नव्हता.

आणि ज्या समितीचा निकाल स्थानिक मंडळांच्या तोंडावर फेकला जातो, तिचे अध्यक्ष कोण? १९७५ मध्ये सेबूच्या सान कार्लोस विद्यापीठात सेबुआनो अभ्यास केंद्र उभे करणारे मोहारेस. आपल्या भागातली वृत्तपत्रे, नाटके, पत्रे आणि कथा वर्षानुवर्षे गोळा करणारा माणूस राष्ट्रीय वाद सोडवायला योग्य वाटला, याचा अर्थ त्या टीकाकारांनी शांतपणे लावून पाहावा.

स्थानिक इतिहास पर्यटनासाठी हवा म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही; त्यांना इतिहास नको, फलक हवा आहे. आणि सगळा इतिहास कथाच असतो म्हणणाऱ्यांना कलांतिआव आणि पिगाफेत्ता यांच्यात फरक करता येत नाही, एवढेच पुरे.

माझा मुद्दा दावा आणि दप्तर यांच्यातल्या भेदाचा आहे. दावा म्हणजे आपल्या गावाबद्दल काही सिद्ध करणे. दप्तर म्हणजे कोणालाही, उद्या आपल्या विरोधकालाही, काही सिद्ध करता यावे म्हणून कागद, वस्तू आणि आठवणी त्यांच्या ठावठिकाण्यासह जपणे. दावा आपल्या सोयीचे कागद ठेवतो. दप्तराला गैरसोयीचा कागदही ठेवावा लागतो. फिलिपाइन्समधले प्रादेशिक मंडळ जेव्हा दावा लढवते तेव्हा टीकाकार बरोबर असतात. जेव्हा ते दप्तर राखते तेव्हा त्याची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही.

चर्चमधली बाप्तिस्म्याची वही उदाहरणादाखल घेऊ. १८४९ मध्ये गव्हर्नर-जनरल क्लावेरिया यांनी हुकूम काढून आडनावांची वर्णानुक्रमे केलेली यादी गावोगाव वाटली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही ‘र’पासून सुरू होणारी आडनावे भरून आहेत ती त्यामुळेच. आता १८४५ च्या पानावर एका बाळाचा बाप ‘दे ला क्रूझ’ आहे आणि १८५२ च्या पानावर त्याच घरात जन्मलेल्या दुसऱ्या बाळाच्या बापाचे आडनाव निराळेच आहे. मॅनिलात बसून ही दोन वेगळी कुटुंबे वाटतात. घराण्याला गावात कोणत्या टोपणनावाने ओळखतात, धर्मपिता कोण होता, शेत कोणत्या ओढ्याला लागून होते, हे ठाऊक असलेला माणूसच ती दोन पाने जोडू शकतो. वाळवी आणि दमट हवा यांच्याशी शर्यत लावून असा माणूस एकेक पान उतरवून काढतो. तो काहीही सिद्ध करत नसतो. सिद्ध करणे शक्य ठेवत असतो.

ही गरज त्या देशाने एकदा फार मोठी किंमत देऊन ओळखली आहे. १९४५ च्या मॅनिलाच्या लढाईत राष्ट्रीय ग्रंथालयाचा मोठा संग्रह नष्ट झाला. १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष किरिनो यांच्या आदेशाने देशभरातल्या शाळामास्तरांना आपापल्या गावाचा इतिहास, चालीरीती आणि दंतकथा लिहून पाठवायला सांगितले गेले. त्या नोंदींची प्रत सारखी नाही, काही सरळ ऐकीव आहेत. तरीही राजधानी जळाल्यावर राष्ट्राला आपली स्मृती गावच्या शिक्षकांकडे मागावी लागली, हे विसरून चालणार नाही.

मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल असा एक पुरावा १९८९ मध्ये लागुना प्रांतातल्या लुंबान नदीच्या गाळातून वर आला. हा ताम्रपट आहे. त्यावरचा काळ शके ८२२, वैशाख, कृष्ण पक्षातली चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. मजकूर एका घराण्याला सोन्याच्या कर्जातून मोकळे केल्याचा आहे. त्यात ‘पैलह’ या स्थळाचा उल्लेख येतो. ते म्हणजे लागुनातले पिला, असे काही मानतात. ताम्रपट वाचणारे आंतोन पोस्तमा यांना मात्र ते बुलाकान प्रांतात दिसले. पिलामध्ये स्थानिक इतिहास मंडळ आहे, संग्रहालय आहे, आणि गावाजवळच्या पिनागबायानानमधून जुनी दफने आणि चिनी भांडी निघाली आहेत. उद्या ‘पैलह’वरचा हक्क पिलाला सोडावा लागला, तरी ती भांडी खोटी ठरत नाहीत.

बुतुआनबद्दल मला हेच तळमळीने सांगावेसे वाटते. मिस्साचा मान गेला म्हणून तिथे जे दुःख झाले ते खरे आहे. पण याच बुतुआनच्या चिखलातून १९७६ पासून मॅगेलनच्या कित्येक शतके आधीच्या लाकडी नावा निघाल्या, आणि चिनी दरबाराच्या बखरींत १००१ सालीच बुतुआनच्या वकिलातीची नोंद आहे. एका रविवारसाठी लढलेल्या गावाच्या पायाखाली शतकांचे दप्तर होते.

आपल्याकडे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून खंडामागून खंड काढले, त्यांना नाव दिले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’. नुसते ‘इतिहास’ म्हटले नाही. त्या एका शब्दाची शिस्त कोणत्याही भूमीवरच्या मंडळाला लागू पडते. म्हणून फिलिपाइन्समधल्या अशा मंडळाला तुम्ही काय सिद्ध केलेत, असे मी विचारणार नाही. तुमच्या कपाटात असा एखादा कागद आहे का, जो तुमच्याच गावाचा दावा खोटा पाडेल, आणि तो तुम्ही आजही नीट जपून ठेवला आहे का, हे विचारेन. उत्तर होकारार्थी आले, तर राष्ट्रीय आयोगाने त्या दारी जाऊन बसावे.