दहा लाख घरांचा पत्ता

दक्षिण आफ्रिकेत १९९४ साली मंडेलांचं सरकार आलं ते एक आकडा कबूल करून: पाच वर्षांत दहा लाख घरं. पहिले गृहनिर्माणमंत्री जो स्लोव्हो हे जन्मभराचे कम्युनिस्ट. त्यांनी बँका, बिल्डर आणि वस्त्यांच्या संघटना एकत्र बसवून समझोता घडवला. जानेवारी १९९५ मध्ये ते वारले, पण चौकट त्यांचीच राहिली. महिना ८०० रँडपर्यंत मिळकत असलेल्या कुटुंबाला जास्तीत जास्त १५,००० रँड अनुदान. जमीन, नळ, गटार आणि घर, सगळं त्यातच.

गोम इथेच होती. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्यानं शहरं वर्णानुसार कापली होती. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. त्यानं पाडलेले जमिनीचे भाव कोण रद्द करणार? तेवढ्या पैशांत जागा मिळाली ती शहराच्या कडेला, बहुधा कृष्णवर्णीयांसाठी वसवलेल्या जुन्या टाउनशिपांना लागून. रोजगार दूर, प्रवासखर्च मोठा. वर्णभेद मोडणाऱ्यांच्याच हातून त्याचा नकाशा सिमेंटमध्ये पक्का झाला.

मला यात लबाडी दिसत नाही. पत्र्याखाली पावसाळा काढणाऱ्याला ‘आधी शहराची फेररचना करू’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि ती करायची कुणी? सर्वांच्या मतांनी निवडलेल्या नगरपालिकाच मुळी १९९५-९६ मध्ये आल्या. शिवाय बांधलेली घरं सभेत मोजून दाखवता येतात, वाचलेली पायपीट नाही. (१९९५ च्या सत्तांतरानंतर मुंबईतल्या चाळीस लाख झोपडीवासीयांना फुकट घरं जाहीर झाली, तेव्हा आपणही आकड्यालाच टाळ्या दिल्या होत्या.)

१९९६ च्या राज्यघटनेनं घराचा हक्क कलम २६ मध्ये लिहिला. त्याच्या आधारे बेघर झालेल्या आयरीन ग्रूटबूम आणि त्यांचे शेजारी न्यायालयात गेले. अगदी निराधारांसाठी काहीच तरतूद नसलेलं धोरण वाजवी नव्हे, असं घटना न्यायालयानं २००० मध्ये ठरवलं. हा निकाल जगभर अभ्यासला जातो. ग्रूटबूमबाई २००८ साली वारल्या, त्या झोपडीतच.

घरं कामाच्या जवळ हवीत, हे २००४ च्या नव्या धोरणानं मान्य केलं. तिथं जागाच नाही, ही सबब मात्र मला पटत नाही. केप टाउनच्या समुद्राकाठी, सी पॉइंटसारख्या महागड्या भागात टाफेलबर्गची जमीन सरकारचीच होती. प्रांत सरकारनं ती साडेतेरा कोटी रँडना एका खासगी शाळेला विकायचं ठरवलं, आणि ज्यांना तिथं घरं हवी होती त्यांना पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली.