खणाचा श्वास

जरा सैल बसा. पाठ टेकवायची असेल तर टेकवा. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. आज आपल्याला एका अंधाऱ्या, कुबट वासाच्या जागेकडे बघायचं आहे, तेही सावकाश.

जागा साताऱ्याच्या जावळीतली. कास ओलांडून घाट उतरला की बामणोली लागते, आणि समोर शिवसागर जलाशय. १९६०च्या दशकात हेळवाकजवळ कोयनेवर धरण पुरं झालं, दऱ्या पाण्यानं भरल्या आणि पलीकडच्या वाड्यावस्त्यांना लाँच हीच वाट उरली. वासोट्याला जाणारे लोकही इथूनच लाँचमध्ये बसतात.

अशा लाँचच्या मागच्या बाजूला, फळीखाली, एक खण असतो. बॅटरी, पाने, जादा वायर, नट-बोल्टांचा डबा, दोरीचं वेटोळं, तेलकट फडकी, सगळं त्यात. मनातल्या मनात ती फळी उचला. हात लगेच घालू नका. आधी वास येऊ द्या. मग कडेच्या पत्र्यावरून बोट फिरवा. बोटाला थंड ओल लागेल आणि तिच्यासोबत तांबूस रंग. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढुरकी-हिरवट भुकटी धरलेली दिसेल. तिला हात नको, तिच्यात तेजाब असतं. पान्याच्या दांड्यावर गंजाचे बारीक ठिपके उठलेले असतील.

आता प्रश्न मनात धरा, उत्तराची घाई करू नका. नावेला भोक नाही, वर फळी आहे, मग हे पाणी आलं कुठून?

एक श्वास घ्या. सोडा.

पाणी हवेतून आलं. ३० अंशांची, ओलीनं पुरती भरलेली हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ बाळगते. तीच हवा रात्री २० अंशांवर उतरली की तिला जेमतेम १७ ग्रॅम पेलतात. उरलेले १३ ग्रॅम, म्हणजे अडीच छोटे चमचे पाणी, ती जवळच्या गार पत्र्यावर टाकून देते. संध्याकाळी फळी बंद करताना आपण ही वाफ आपल्याच हातानं आत कोंडलेली असते.

गोष्ट एका रात्रीवर थांबत नाही. दिवसा उन्हानं खण तापतो, आतली हवा फुगते आणि फटीतून बाहेर पडते. रात्री ती आकसते आणि जलाशयावरची दमट हवा त्याच फटीतून आत ओढली जाते. खण असा रोज एकदा श्वास घेतो आणि दर श्वासाला थोडी ओल मागे ठेवतो. तुमच्या श्वासाकडे लक्ष असू द्या आणि हा दुसरा, चोवीस तासांचा श्वासही ध्यानात घ्या.

लोखंडाला गंजायला पाणी लागतं आणि प्राणवायूही लागतो. दोन्हींपैकी एकट्यानं फारसं भागत नाही. अर्धवट मिटलेला खण दोन्ही पुरवतो. शिवाय गंजाचा पापुद्रा सच्छिद्र, तो ओल धरून ठेवतो. आजचा गंज उद्याच्या गंजाला जागा करून देतो.

इथून पाण्याबरोबर खाली जाऊ. कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, कृष्णा पुढे सांगलीला येते आणि हरिपूरला तिला वारणा भेटते. याच हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत वाळलेली हळद आणि वरून तोंड मातीनं पक्कं लिंपलेलं. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची. आत प्राणवायू इतका कमी होई की पेव उघडलं तरी लगेच उतरायची सोय नव्हती. आधी बराच वेळ ते वाऱ्याला उघडं ठेवावं लागे. २००५च्या महापुरात पाणी या पेवांत शिरलं आणि फार नुकसान झालं.

पेव आणि खण शेजारी ठेवून पाहा. पेव पूर्ण बंद, आणि बंद होण्याआधी माल पूर्ण कोरडा. नावेच्या खणाला हे जमत नाही. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो कोंडून ठेवणं धोक्याचं. म्हणून खणाला दुसरी वाट: मोकळेपणानं उघडं राहण्याची. एक भोक खाली, एक वर, समोरासमोरच्या बाजूंना, म्हणजे हवा नुसती शिरत नाही, फिरते. सामान तळाला टेकवायचं नाही, लाकडी पट्ट्यांवर ठेवायचं. तळाचं पाणी रोज उपसून फडक्यानं टिपायचं. बॅटरीची भुकटी काढायची तर हातमोजे घालून, आधी ऋण टोकाची वायर सोडवून. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, ते बॅटरीच्या आत जाऊ न देता. नंतर कोरडं पुसणं, आणि जोड आवळून वरून व्हॅसलीनचा हात.

फळी उघडायचीही वेळ असते. पहाटे धुकं असताना उघडलीत तर बाहेरची ओल आत येईल आणि गार पान्यांना घाम फुटेल. आषाढातल्या झडीत उघडून काहीच वाळत नाही. उघडीप पडू द्या, ऊन वर येऊ द्या. किंवा फेरी संपवून लाँच धक्क्याला लागली की इंजिन गरम असतानाच फळी काढा. ती ऊब ओल घेऊन जाते.

आता सांगलीच्या पूरपट्ट्यातल्या एखाद्या गावात या. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. अशा गावांत बचावाची बोट ठेवलेली असते. तिच्या इंजिनाला वर्षातले बहुतेक दिवस काहीच काम नसतं. पूर ओसरतो, सगळे दमलेले असतात, कुणीतरी ओल्या इंजिनावर प्लॅस्टिक गच्च आवळतं आणि काळजी मिटली असं वाटतं. प्लॅस्टिकच्या आत तोच श्वास सुरू होतो. टाकीतल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि तेही ओल ओढतं. म्हणून इंजिन गोड्या, स्वच्छ पाण्यानं धुऊन, उभं ठेवून निथळू द्यायचं, पेट्रोल काढून टाकायचं, सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा द्यायचा, आणि वर सुती चादर टाकायची, जिच्यातून हवा जाते.

इथे थोडं थांबा. सांभाळून ठेवलं असं म्हणत आपण किती गोष्टींवर नुसतं झाकण घालतो, ते आठवा. त्यातली कुठली पेवासारखी कोरडी करून मिटली होती? कुठली वाऱ्याला ठेवली होती? आणि कुठली ओली असतानाच, नजरेआड व्हावी म्हणून झाकली? नावेचं सामान असो वा घरातला जुना अबोला, कुजतं ते या तिसऱ्या प्रकारातलं.

सगळी झाकणं आज उघडायची नाहीत. एकच निवडा: विहिरीवरच्या मोटरीची स्टार्टर पेटी असेल, इन्व्हर्टरची बॅटरी असेल, कुणाला करायचा राहिलेला फोन असेल. पेटीला हात लावण्याआधी मेन स्विच तेवढा बंद करा. आणि उठण्यापूर्वी वार ठरवा, दर आठवड्याचा. कारण ओल रोज आत येते, आणि एकदा पुसून तिचा निकाल लागत नाही.