मोह: झाडाचा आणि मनाचा

मराठीत ‘मोह’ दोन आहेत आणि दोघांची कुळं वेगळी. मनातला मोह संस्कृत ‘मुह्’ धातूतून आला. गोंधळणं, भान हरपणं हा त्याचा मूळ अर्थ, आणि त्याच अर्थाने तो षड्रिपूंत जाऊन बसला. मल्याळममध्ये हाच ‘मोहम्’ साधी ओढही सांगतो. सातपुड्यातला मोह मात्र ‘मधूक’ या नावाचा वंशज. हिंदीत महुआ, गुजरातीत महुडो. मूळ मधाच्या गोडव्यात. इंग्रजांचं ‘मीड’ हे मधाचं मद्य त्याच ‘मधु’चं भाऊबंद. तेलुगूत या झाडाला ‘इप्प’ म्हणतात, त्यामुळे तिथे या दोन मोहांचा घोटाळा होतच नाही.

आपल्याकडे होतो, आणि तो शब्दांपुरता राहत नाही. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कोणी मोहफुलांचं नाव काढलं की शहरातल्या माणसाला आधी दारू आठवते आणि लगेच त्या माणसांविषयीचा निवाडाही तयार होतो. चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेला फुलांचा सडा वेचणाऱ्या बायका-मुलं त्याला दिसत नाहीत. ही फुलं वाळवून ठेवतात, धान्य संपलं की शिजवून खातात. बियांचं तेल काढतात. दारूही गाळतात, आणि तिची धार आधी देवाला, पितरांना देतात. इंग्रजांनी १८९२ साली ठाणे-कुलाब्यासाठी मोहफुलांवर खास कायदाच केला. त्यामागे अबकारी उत्पन्नाची काळजी होती. आपल्या सरकारला फुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल करायला २०२१ उजाडलं.

दारूने घरं मोडतात, हे सातपुड्यातल्या बाईला कोणी शिकवायला नको. १९७२ च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग सुरतवंतींसारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन आणि मजुरीसाठी लढणाऱ्या तिथल्या आदिवासी बायकांनीच पुढे गावोगावी दारूची मडकी फोडली. नवऱ्याचं व्यसन आणि त्यापायी होणारी मारहाण यांवर त्यांचा राग होता. दारूविरुद्ध बोलण्याचा अधिकार त्यांचा होता, कारण सोसलं त्यांनी होतं. लांबून बोलणाऱ्याला तो आयता मिळत नाही.

भान हरपणं हाच मोहाचा अर्थ असेल, तर नावावरून अख्ख्या समाजाला व्यसनी ठरवणाऱ्याचंच भान हरपलेलं आहे. नंदुरबारच्या बाजारात मोहफुलं दिसली, तर विकणारीला ती कशी शिजवतात ते जरूर विचारा.